तांबड्या पेशींत लिथियम किती शिरलं: रक्त काढण्यापासून आकड्यापर्यंत

एकाच माणसाचं रक्त, एकच यंत्र, आणि दोघांच्या हाती दोन वेगळी उत्तरं. हा प्रकार या प्रयोगात इतक्यांदा घडतो की त्यावर सविस्तर लिहायला हवं. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. पेशी भट्टीतून, म्हणजे ३७ अंशांच्या वॉटर बाथमधून, बाहेर काढल्यापासून फोडेपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर बाहेरचं लिथियम पेशींना चिकटून आलं आणि आतलं म्हणून मोजलं गेलं, किंवा आतलं लिथियम धुताना बाहेर निघून गेलं. खालची प्रत्येक पायरी या दोन चुका टाळण्यासाठी आहे, हे डोक्यात ठेवून वाचा.

सोडियम-पोटॅशियमसारखा किरणोत्सारी माग काढायची सोय इथे नाही. लिथियमच्या सर्वांत टिकाऊ किरणोत्सारी समस्थानिकाचं अर्धायुष्यही एका सेकंदापेक्षा कमी आहे. त्यामुळे प्रत्यक्ष लिथियमच मोजावं लागतं, आणि ते मोजण्यासाठी पेशी बाहेरच्या द्रावणापासून पूर्ण वेगळ्या कराव्या लागतात.

## टप्पा १: आधी प्रश्न ठरवा, मग द्रावण

लिथियम तांबड्या पेशीत एका दारातून येत-जात नाही. मुख्य वाटा अशा:

- सोडियम-लिथियम प्रतिवहन, म्हणजे एक आयन आत घेऊन दुसरा बाहेर सोडणारी अदलाबदल. शरीरातल्या स्थितीत बाहेर सोडियम जास्त आणि आत कमी असल्यामुळे ही वाट लिथियमला बाहेर ढकलते.
- बँड-३ प्रथिन. बायकार्बोनेट असताना लिथियम कार्बोनेटशी जोडी जमवून ऋण आयन बनतं आणि ऋण आयनांच्या या दारातून आत येतं.
- सोडियम-पोटॅशियम पंप. बाहेर सोडियम-पोटॅशियम पुरेसं असेल तर यातून लिथियम फारसं शिरत नाही. ते दोन्ही काढून घेतले की मात्र भरपूर शिरतं.
- सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवहन (तिन्ही आयन एकत्र नेणारी वाट), आणि उरलेली साधी गळती.

म्हणजे तुम्ही कोणत्या द्रावणात पेशी ठेवता, त्यावर कोणती वाट मोजली जाणार हे ठरतं. सोडियम टाळायचं म्हणून कोलीन क्लोराइडचं, पोटॅशियम नसलेलं द्रावण घेतलं आणि त्यात लिथियम झपाट्याने शिरताना दिसलं, तर तो वेग पंपाचा आहे. लिथियम औषध म्हणून घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात तो तसा नसतो. हेपीस बफरमध्ये, म्हणजे बायकार्बोनेटशिवाय पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, काम केलं तर बँड-३ची वाट जवळपास बंद असते. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्यांचे आकडे एका रकान्यात लिहिता येत नाहीत.

एक वाक्य वहीत लिहा: ‘मला अमुक वाटेचा वेग हवा आहे’ किंवा ‘मला शरीरासारख्या द्रावणातलं एकूण शिरणं हवं आहे’. ते लिहिता येत नसेल तर रक्त काढू नका.

## टप्पा २: रक्त आणि ट्यूब

ही चूक सर्वांत साधी आहे आणि सर्वांत जास्त होते. हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब उचलली जाते, आणि ती लिथियम हेपॅरिनची निघते. त्या ट्यूबमधलं रक्त या कामाला निरुपयोगी आहे. सोडियम हेपॅरिनची ट्यूब घ्या. झाकणाचा रंग दोन्हींचा सारखा असू शकतो, म्हणून लेबल वाचा आणि ट्यूबचा प्रकार वहीत नोंदवा.

दात्याची लेखी संमती, नैतिक समितीची परवानगी, हातमोजे आणि रक्ताचे नमुने हाताळण्याचे नेहमीचे नियम यांत सूट नाही. दाता लिथियमची गोळी घेत नाही ना, हे विचारून घ्या. घेत असेल तर त्याच्या पेशींत आधीच लिथियम आहे, आणि तो वेगळा प्रयोग आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

रक्त बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांच्या आत, काम सुरू करा. रात्रभर थंडीत राहिलेल्या पेशींचा पंप मंदावलेला असतो. आतलं सोडियम चढतं, पोटॅशियम उतरतं आणि सोडियमवर चालणाऱ्या वाटांचा वेग बदलतो.

## टप्पा ३: द्रावणं

शरीरासारखं द्रावण (मिलीमोल प्रति लिटर): सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लूकोज १०, हेपीस १०, पीएच ७.४. बायकार्बोनेटची वाट हवी असेल तर सोडियम क्लोराइड ११५ करून २५ सोडियम बायकार्बोनेट घाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडखाली काम करा.

धुण्याचं द्रावण: मॅग्नेशियम क्लोराइड ७५, सुक्रोज ८५, ट्रिस-मॉप्स १०, पीएच ७.४, बर्फासारखं गार. इथे सलाइन वापरू नका. सोडियम बाहेर असलं की प्रतिवहनाची वाट लिथियमला बाहेर काढते. आपण थांबवू पाहतोय तीच क्रिया सलाइनमुळे चालू राहते. थंडीने ती मंदावते खरी, पण दोन्ही बंदोबस्त हवेत.

लिथियमचं स्टँडर्ड द्रावण: लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं, त्यामुळे बरणीतून थेट वजन केलेला आकडा खरा नसतो. स्टँडर्डसाठी, म्हणजे यंत्राचं वाचन ज्याच्याशी ताडून बघायचं त्या माहीत प्रमाणाच्या द्रावणासाठी, वाळवलेलं लिथियम कार्बोनेट घ्या. ०.३६९५ ग्रॅम थोड्या पाण्यात भिजवा, हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पूर्ण विरघळवा, बुडबुडे थांबू द्या आणि पाण्याने १ लिटर करा. हे १० मिलीमोल प्रति लिटर लिथियम झालं. एका रेणूत लिथियमचे दोन अणू असतात, हे विसरल्याने दुपटीचा घोळ झालेली वही मी पाहिली आहे.

इशारा, मॅग्नेशियम क्लोराइडचं वजन: बहुतेक बरण्यांत सहा पाण्याचे रेणू असलेलं मीठ असतं. त्याचे १ लिटरला १५.२५ ग्रॅम लागतात. निर्जल मिठाचं वजन, म्हणजे ७.१४ ग्रॅम, धरून हेच मीठ तोललं तर द्रावण पातळ होतं, पेशी फुगतात आणि पुढचा सगळा हिशोब ढासळतो. ऑस्मोमीटर (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण मोजणारं यंत्र) असेल तर प्रत्येक द्रावण २९० ते ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास येतं का ते पाहा.

इशारा, पीएच: ज्या तापमानाला द्रावण वापरणार त्याच तापमानाला पीएच लावा. ट्रिसचा पीएच प्रत्येक अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ७.४ लावलेलं ट्रिस ३७ अंशांना ७.१ च्या खाली जातं. काही पीएच इलेक्ट्रोडच्या आत भरणीचं द्रावण लिथियम क्लोराइडचं असतं. तुमचा इलेक्ट्रोड तसला नाही ना, एकदा बघून घ्या.

तपासणी: सगळी द्रावणं, लिथियम न घालता, लिथियम मोजण्याच्या यंत्रावर वाचून घ्या. इथे काही दिसलं तर ते मिठाच्या बरणीत, पाण्यात किंवा भांड्यात आहे, आणि पुढे जाण्याआधी त्याचा उगम सापडायला हवा. भांडी प्लास्टिकची वापरा, आम्लाने धुतलेली.

## टप्पा ४: पेशी तयार करणं

रक्त ४ अंशांना, १,५०० ते २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट बळ) वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. प्लाझ्मा काढा, आणि त्याखालचा पांढुरका थर, बफी कोट, वरच्या थोड्या तांबड्या पेशींसह निष्ठुरपणे ओढून टाका. पांढऱ्या पेशींची वाहतूक वेगळी असते. लिथियम नसलेल्या गार द्रावणात तीनदा धुवा, दर वेळी वरचा थर पुन्हा काढा.

शेवटी पेशी काम करायच्या द्रावणात घ्या, हिमॅटोक्रिट (एकूण आकारमानातला पेशींचा वाटा) सुमारे ५० टक्के. आत्ताच दोन गोष्टी मोजून ठेवा: हिमॅटोक्रिट आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन भागिले हिमॅटोक्रिट म्हणजे एक लिटर पेशींतलं हिमोग्लोबिन. निरोगी माणसात ते साधारण ३३० ग्रॅम असतं. दात्याचा स्वतःचा आकडा वापरा, पुस्तकातला नाही. अख्खा हिशोब या एका आकड्यावर उभा आहे, म्हणून तो तीनदा मोजा.

## टप्पा ५: घड्याळ सुरू

काम करताना हिमॅटोक्रिट १० टक्के ठेवा. पेशी जास्त घेतल्या तर बाहेरचं लिथियम उतरत जातं, कमी घेतल्या तर लायसेटमध्ये, म्हणजे शेवटी पेशी फोडून केलेल्या द्रवात, मोजण्याजोगं काही उरत नाही.

1. पेशी आणि द्रावण वेगवेगळे ३७ अंशांना १० मिनिटं गरम करा. गार पेशी गरम द्रावणात ओतून लगेच घड्याळ लावलं तर पहिला बिंदू हमखास कमी येतो.
2. दोन्ही एकत्र करा आणि लिथियम क्लोराइडच्या वेगळ्या, घट्ट द्रावणातून (स्टँडर्डच्या नव्हे) छोट्या मापाने लिथियम घाला, बाहेर २ मिलीमोल प्रति लिटर होईल इतकं. घड्याळ आता सुरू.
3. हलता वॉटर बाथ वापरा. नमुना घेण्याआधी दर वेळी फ्लास्क हळुवार फिरवा. पेशी खाली बसतात, आणि वरून घेतलेल्या नमुन्यात त्या कमी येतात.
4. ०, १५, ३०, ६०, १२० आणि १८० मिनिटांना १ मिलिलिटरचे दोन-दोन नमुने घ्या.

शून्य मिनिटाचा नमुना म्हणजे ‘काही न केलेला’ नमुना नव्हे. वेगळ्या ट्यूबमध्ये बर्फावर गार केलेल्या पेशींत गार लिथियम द्रावण घाला आणि त्याच क्षणी थांबवण्याच्या पायरीवर न्या. यात जे लिथियम दिसेल ते शिरलेलं नाही, चिकटून आलेलं आहे. हा नमुना वगळणाऱ्यांना आपल्या चुकीचा आकारच कळत नाही.

इशारा, उघडा फ्लास्क: बायकार्बोनेट असलेलं द्रावण उघडं ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच ०.३ ने वाढला तर तेवढ्याच बायकार्बोनेटमध्ये कार्बोनेट जवळपास दुप्पट होतं, आणि बँड-३ मधून येणारं लिथियमही त्याच प्रमाणात वाढतं. दुपारी केलेल्या फेरीत वेग वाढला, याचं कारण अनेकदा इतकंच असतं. शेवटचा नमुना घेतल्यावर पीएच पुन्हा मोजा आणि लिहा.

## टप्पा ६: थांबवणं आणि धुणं

इथे घाई नको आणि रेंगाळणंही नको. आधीपासून बर्फात ठेवलेल्या १५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये धुण्याचं १० मिलिलिटर गार द्रावण तयार असू द्या. नमुना थेट त्यात सोडा, एकदा उलटसुलट करा, ४ अंशांना १,५०० ते २,००० जी वर ५ मिनिटं फिरवा. सेंट्रिफ्यूज आणि रोटर आधी गार करून ठेवलेले हवेत. गरम रोटरमधली पाच मिनिटं म्हणजे पेशींना लिथियम बाहेर टाकायला मिळालेली पाच मिनिटं.

किती वेळा धुवायचं, यावर वाद घालण्यापेक्षा आकडेमोड करू. १ मिलिलिटर नमुन्यात ०.१ मिलिलिटर पेशी आहेत. समजा त्यांत खरोखर १० नॅनोमोल लिथियम शिरलं आहे. बाहेरच्या ०.९ मिलिलिटरमध्ये मात्र १,८०० नॅनोमोल आहे. दर वेळी वरचं द्रावण ओढल्यावर पेलेटच्या (तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्याच्या) आजूबाजूला ०.३ मिलिलिटर उरतं असं धरा.

- पहिल्या फिरवणीनंतर उरलेल्या द्रवात सुमारे ५० नॅनोमोल. आतल्याच्या पाचपट.
- दुसरीनंतर सुमारे १.५ नॅनोमोल. अजून १५ टक्के चूक.
- तिसरीनंतर सुमारे ०.०४ नॅनोमोल. आता विसरता येईल.

म्हणजे तीन फिरवण्या आवश्यक आहेत, चौथी सावधगिरी म्हणून चालेल. दोनवर थांबणाऱ्यांचे सुरुवातीचे बिंदू वर उचललेले दिसतात, आणि मग ‘सुरुवातीला जलद शिरतं, नंतर मंदावतं’ असा निष्कर्ष निघतो. तो पेशींचा गुण नसतो, धुण्याचा दोष असतो. आणि ०.३ ऐवजी १ मिलिलिटर द्रव मागे राहू दिला तर हीच गणितं पार बिघडतात. म्हणून ओढण्याची सुई प्रत्येक ट्यूबमध्ये त्याच उंचीवर थांबली पाहिजे.

उलट, सहा-सात वेळा धुणंही बरोबर नाही. थंडीतही थोडं लिथियम गळतंच, आणि दर फेरीत काही पेशी फुटतात.

तपासणी, एकदाच करायची पण करायचीच: लिथियम भरलेल्या पेशींचा एकच साठा घ्या आणि त्याचे भाग तीन, चार, पाच आणि सहा वेळा धुवा. आतलं लिथियम चारही भागांत सारखं आलं पाहिजे. उतरत गेलं तर तुमचं धुणं आतलं काढतंय: तापमान आणि धुण्याच्या द्रावणात चुकून आलेलं सोडियम, हे दोन्ही आधी बघा.

तपासणी, दर वेळी: शेवटच्या धुण्याच्या वरच्या द्रवात लिथियम दिसता कामा नये. त्याचा रंगही बघा. गुलाबी छटा म्हणजे पेशी फुटताहेत.

तेलाची पद्धतही आहे. डायब्युटाइल थॅलेटची घनता सुमारे १.०४ असते, पेशींची त्याहून जास्त. छोट्या ट्यूबमध्ये तेलावर नमुना ठेवून जोरात फिरवलं की मिनिटभरात पेशी तेलाखाली जातात आणि पाण्याचा भाग वर राहतो. वेळेची अचूकता छान मिळते. पण पेशींमधल्या फटीतला थोडा द्रव त्यांच्यासोबत खाली येतोच, त्यामुळे शून्य मिनिटाचा नमुना इथे आणखी महत्त्वाचा. लिथियम बाहेर १५० मिलीमोल असेल अशा प्रयोगात मी ही पद्धत वापरत नाही: २ टक्के अडकलेला द्रव म्हणजे ३ मिलीमोलची खोटी भर.

## टप्पा ७: पेशी फोडणं आणि वाचन

धुतलेल्या पेलेटवर डिटर्जंटचा अंश असलेलं शुद्ध पाणी घालून एकूण १ मिलिलिटर करा, नीट ढवळा, आणि पूर्ण फुटल्याची खात्री करा. उजेडात धरल्यावर द्रव पारदर्शक लाल दिसला पाहिजे. या लायसेटचा एक भाग हिमोग्लोबिनसाठी ५४० नॅनोमीटरवर, उरलेला लिथियमसाठी.

लिथियम ६७०.८ नॅनोमीटरवर वाचतात, ज्वालेच्या उत्सर्जनाने किंवा अणू-शोषणाने. इथल्या तीन चुका:

स्टँडर्ड नुसत्या पाण्यात करणं. लायसेट दाट असतं, यंत्रात सावकाश ओढलं जातं, आणि त्यातलं पोटॅशियम ज्वालेतलं लिथियमचं आयनीकरण दाबतं. पाण्यातला स्टँडर्ड आणि लायसेटमधलं लिथियम एकसारखे वाचले जात नाहीत. त्याच दात्याच्या लिथियम नसलेल्या पेशी तेवढ्याच पाण्यात फोडा आणि त्यात स्टँडर्ड तयार करा. वर सगळ्यांत सारखंच जास्तीचं पोटॅशियम किंवा सिझियम घाला.

फ्लेम फोटोमीटरचा इतिहास न विचारणं. सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या कित्येक फ्लेम फोटोमीटरमध्ये लिथियमच अंतर्गत स्टँडर्ड म्हणून वापरतात. त्या यंत्राच्या नळ्या लिथियमने माखलेल्या असतात. असं यंत्र वापरावं लागलंच तर नळ्या बदला आणि ब्लँक (लिथियम नसलेल्या द्रवाचं वाचन) स्थिर होईपर्यंत धुवत राहा.

सीरमसाठीच्या रंगाच्या किटमध्ये लायसेट घालणं. हिमोग्लोबिनचा रंग आड येतो. आयन-निवडक इलेक्ट्रोडही सीरमसाठी जुळवलेले असतात. लायसेटमध्ये पोटॅशियम फार, सोडियम कमी. पडताळल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

## टप्पा ८: हिशोब

एक लिटर पेशींतलं लिथियम = लायसेटमधलं लिथियम × (एक लिटर पेशींतलं हिमोग्लोबिन ÷ लायसेटमधलं हिमोग्लोबिन).

उदाहरण: लायसेटमध्ये लिथियम ०.०३० मिलीमोल प्रति लिटर, हिमोग्लोबिन ३३ ग्रॅम प्रति लिटर, आणि दात्याचा आकडा ३३० ग्रॅम. गुणक १०, उत्तर ०.३० मिलीमोल प्रति लिटर पेशी. पेशीच्या एकूण आकारमानात पाणी साधारण ७१ टक्के, म्हणून पेशीतल्या पाण्यात ०.४२. कोणता आकडा देताय ते एककासह लिहा. या दोघांतला फरक ४० टक्क्यांचा आहे.

हिमोग्लोबिनवर भाग देण्याचा फायदा असा की धुताना फुटलेल्या पेशींचं लिथियम आणि हिमोग्लोबिन दोन्ही एकदमच गेलेलं असतं, म्हणून गुणोत्तर फारसं बिघडत नाही. सुरुवातीला मोजलेल्या पेशीसंख्येवर भाग दिला तर ती सोय राहत नाही.

आता आलेख काढा. शून्य मिनिटाचा बिंदू बाकीच्यांतून वजा करा. वेग फक्त सुरुवातीच्या सरळ भागातून घ्या. आतलं लिथियम बाहेरच्याच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे गेलं की मी ते बिंदू वेगासाठी धरत नाही, कारण तोवर परतीची वाहतूक जाणवू लागते. तुम्ही मोजताय ते आलेलं उणे गेलेलं असतं. पेशीच्या आतलं विद्युत विभव बाहेरच्यापेक्षा साधारण ९ ते १० मिलिव्होल्टने ऋण आहे. नुसत्या गळतीने समतोल झाला असता तर आतल्या पाण्यात लिथियम बाहेरच्या सुमारे १.४ पट झालं असतं. शरीरात ते बाहेरच्यापेक्षा कमी राहतं, कारण प्रतिवहन ते सतत बाहेर टाकत असतं.

## टप्पा ९: वाटा वेगळ्या करणं

साधा आलेख दोनदा सारखा आल्याशिवाय अवरोधकांना, म्हणजे एकेक वाट अडवणाऱ्या रसायनांना, हात लावू नका.

पंपासाठी ओआबेन ०.१ मिलीमोल, सहवहनासाठी ब्युमेटॅनाइड १० मायक्रोमोल, बँड-३ साठी डीआयडीएस, प्रतिवहनासाठी फ्लोरेटिन. लिथियम घालण्याआधी पेशी त्यांच्यासोबत किमान १५ मिनिटं ठेवा. बाहेर पोटॅशियम असेल तर ओआबेन सावकाश बसतं. द्रावणात अल्ब्युमिन असेल तर ते ब्युमेटॅनाइड आणि डीआयडीएस गिळून टाकतं. अवरोधक ज्या द्रवात विरघळवलाय, तोच द्रव तेवढाच घातलेली नियंत्रण ट्यूब हवीच.

फ्लोरेटिन घातल्यावर आतलं लिथियम वाढलं तर गडबडून प्रयोग टाकून देऊ नका. शरीरासारख्या द्रावणात ते बाहेर टाकणारी वाट बंद करतं, मग आत साठणारच. आणि फ्लोरेटिन एका दाराशी एकनिष्ठ नाही, ग्लूकोजची आणि ऋण आयनांची वाहतूकही अडवतं. त्यामुळे ‘फ्लोरेटिनने बदललेला भाग’ असं लिहा. ‘प्रतिवहन’ म्हणायचं असेल तर बाहेर सोडियम असताना आणि नसताना लिथियम बाहेर पडण्याच्या वेगातला फरक मोजून दाखवा.

## लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या पेशी

इथे पेशींत घालायचं काही नाही, असलेलं मोजायचं आहे. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घ्या, प्लाझ्मा लगेच वेगळा करा, आणि पेशी वरच्याच पद्धतीने धुऊन थेट मोजा.

पूर्ण रक्त आणि प्लाझ्मा मोजून वजाबाकीने पेशींचा आकडा काढण्याचा मोह टाळा. लिथियम (मिलीमोल प्रति लिटर) प्लाझ्मात ०.८० आणि पूर्ण रक्तात ०.५८, आणि हिमॅटोक्रिट ०.४५ असेल तर पेशींत (०.५८ − ०.४४) ÷ ०.४५, म्हणजे ०.३१. पूर्ण रक्ताचं वाचन फक्त ३ टक्क्यांनी जास्त आलं तर हाच आकडा ०.३५ होतो. चार पटींनी वाढलेली चूक. ज्या आकड्यावरून कुणाच्या उपचाराविषयी बोललं जाणार आहे, तो इतक्या नाजूक वजाबाकीवर सोडू नये.

निकालासोबत या गोष्टी लिहा: ट्यूबचा प्रकार, रक्त काढल्यापासून सुरुवातीपर्यंतचा वेळ, द्रावणाची रचना, सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच, हिमॅटोक्रिट, किती वेळा धुतलं, आणि शून्य मिनिटाच्या नमुन्याचा न वजा केलेला आकडा. शेवटचा सर्वांत आधी लिहा. दुसऱ्या प्रयोगशाळेतला माणूस तुमचं काम पुन्हा करू पाहील तेव्हा तो तिथूनच वाचायला सुरुवात करेल.